म्हातारी उडायच्या आत

माझ्या बॅगेत सगळ्यात वर इस्त्रीचा पांढरा सदरा होता. त्याखाली पांढरा लेंगा, त्याखाली उपरणं, आणि अगदी तळाशी मोज्यांत गुंडाळलेली गंगाजलाची सीलबंद लोटी. ही लोटी आमच्या देवघरात वीस वर्षं कोणाची तरी वाट पाहत बसलेली. कोणाची, ते ठरलेलं नव्हतं. पण घरी ज्येष्ठ पाहुणे आले की शैला, म्हणजे आमची सौभाग्यवती, त्या लोटीपुढे रांगता बाळकृष्ण सरकवून ठेवते.

सोलापूरहून इतक्या जय्यत तयारीनं निघायचं कारण म्हणजे आदल्या दिवशी आलेला प्रकाशचा फोन. प्रकाश माझा मामेभाऊ, पेणला शाळेत शिकवतो. त्याची आई, माझी मामी, रोह्याच्या पलीकडे डोंगराला पाठ टेकून बसलेल्या एका वाडीत राहते. वय अठ्ठ्याहत्तर. प्रकाश वाडीतूनच बोलत होता आणि फोनला धड रेंज नव्हती. खरखरीतून जे माझ्या कानावर आलं ते एवढंच : "अरुण, म्हातारी उडायच्या आत ये रे. नंतर येऊन काय उपयोग नाय."

आणि फोन कटला.

नऊ वर्षं मामीकडे फिरकलो नव्हतो. दर मे महिन्यात 'दिवाळीत नक्की' आणि दर दिवाळीत 'मे महिन्यात नक्की' सांगणारा मी. "स्वतःच्या आईबद्दल कसं बोलतात हो हे लोक!" असं शैला म्हणाली खरी, पण बॅग तिनंच भरली. तिला रजा नव्हती. मी ऑफिसात 'अत्यंत जवळचं माणूस' असं कारण लिहून तीन दिवसांची रजा टाकली आणि निघालो.

पेण, शुक्रवार

पेणच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी स्टँडवरच सदरा, लेंगा, उपरणं चढवलं. प्रकाश मोटारसायकलला टेकून वडापाव खात होता. मला पाहून हसला. अगदी तोंडभर हसला. मला वाटलं, दुःखाचा धक्का बसला की काही माणसं अशी वागतात.

"चल, पटकन बस. एवढा नटून का आलास?"

मी त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

पेणच्या गल्ल्यांतून बाहेर पडताना एका कारखान्याचं दार उघडं होतं. माघातच पुढच्या भाद्रपदाची कामं सुरू झालेली. आत न रंगवलेले, पांढरेशुभ्र शंभरेक गणपती ओळीनं बसलेले. कोणालाच अजून डोळे नव्हते. एरवी मी उतरून पाहत बसलो असतो. त्या दिवशी गाडीवरूनच हात जोडले आणि म्हटलं, देवा, फक्त पोचेपर्यंत.

"त्रास होतोय का फार?" मी मागून विचारलं.

"फार! अंगाला लागली की खाज सुटते नुसती."

"अरेरे. घरी कोण कोण आहे?"

"पंधराएक बायका आहेत. उद्या अजून येतील."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"कुठला डॉक्टर? तो शेतकीवाला? तो म्हणतो वरवर कापून काही होत नाही, मुळासकट काढा."

वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नसावं, असं मी समजलो.

पेण सोडून खाडीकडच्या सखल शेतांना लागलो तेव्हा रस्त्याकडेला एक तलाव दिसला. तलाव कसला, हिरवा गालिचा. त्यावर फिकट जांभळ्या फुलांचे तुरे, प्रत्येक पाकळीवर मोरपिसासारखा एक पिवळा डोळा. आमच्या सोलापुरात इतकी फुलं एका जागी फक्त गड्ड्याच्या जत्रेत दिसतात, आणि तीही प्लास्टिकची. मामीला फुलांची हौस. वाटलं, उशाशी ठेवायला चार न्यावीत. गाडी थांबवायला लावून मी काठावर वाकलो.

"ए! ए पावना!" पलीकडून हाक आली. कमरेइतक्या पाण्यात, हातात लांब बांबू घेतलेला एक म्हातारा उभा होता. खाडीकाठच्या मिठागरावर जन्म गेलेला माणूस असावा. उन्हानं काळवंडलेले हात कोपरापर्यंत भेगाळलेले. "हात नको लावूस त्याला! न्यायची तर सगली ने!"

"आजोबा, चारच फुलं."

"चारच?" तो बांबूवर रेलून हसला. "ही जलपर्णी एकच आनली व्हती कुनीतरी. फूल बरा दिसला म्हनून. एक! मंग तिनी सगला पानीच गिलला. आता आमची मासली गेली, म्हशीला पानी नाय, आनि फुला बगायला पावनं येतात सदरं घालून."

तो पुन्हा कामाला लागला. बांबूनं झाडांची एक चटई लोटायची, काठाशी आणायची, दोघी बायका ती ओढून वर काढणार. काढलेल्या ढिगाची उंची माझ्या डोक्यावर गेली होती, आणि तरी तलावात जेमतेम एक घोंगडीभर पाणी मोकळं झालं होतं. त्या मोकळ्या पाण्यात मात्र अख्खं आभाळ उतरलं होतं. म्हातारा त्या तुकड्याकडे मधूनमधून असा पाहायचा, जसं कोणी नातवाकडे पाहतं.

मी हातातलं फूल हळूच खाली टाकायला गेलो.

"थय नको! वर, ढिगावर!" तो ओरडला.

वाडी

नागोठण्याहून खिंड उतरून रोहे, तिथून वरसे गावाची नवी नवी घरं मागे टाकून कच्च्या रस्त्यानं वाडी. मामीच्या अंगणात खरंच पंधरावीस बायका बसल्या होत्या. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बॅगेतून लोटी काढून हातात धरली आणि मान खाली घालून मी अंगणात शिरलो.

"अहिल्या?"

"हजर, बाई."

"जनी?"

"हाय की हितंच."

आवाज ओळखीचा होता. मान वर केली. मधोमध खुर्चीवर, गुडघ्यांना पट्टे बांधून, नाकावर चष्मा आणि हातात वही घेऊन साक्षात मामी हजेरी घेत होती. चाळीस वर्षं मास्तरीण होती ती. या अंगणातल्या अर्ध्या बायकांना अ आ ई तिनंच शिकवलेलं. बायका कोयत्यांना धार लावत होत्या.

मामीनं माझ्याकडे पाहिलं. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, उपरणं, चेहरा, लोटी, असं एकेक.

"प्रकाशनं काय सांगितलं रे तुला फोनवर?"

"म्हातारी... उडायच्या आत..."

मग एका बाईनं पदर तोंडात कोंबला, आणि त्यानंतर जे हसू फुटलं ते मला वाटतं रोह्याच्या पुलापर्यंत ऐकू गेलं असेल. प्रकाश तर पायरीवरच बसला.

मामी हसली नाही. तिनं शेजारच्या गोणीतून एक वाळकी फांदी काढली, तिच्या टोकावरचा करडा तुरा दोन बोटांत चुरला आणि तळहातावर फुंकर मारली. केसासारखे बारीक तंतू असलेल्या बिया हवेत उठल्या, उन्हात चमकल्या आणि तरंगत तरंगत अंगणाबाहेर निघाल्या. लहानपणी आपण सगळेच ज्या उडत्या बियांच्या मागे धावतो, त्या.

"ही म्हातारी. रानमोडीची." मामी म्हणाली. "मी अजून उडत नाही. गुडघे दुखतात."

मग लोटी हातात घेऊन तिनं सील नीट तपासलं. "चांगली आहे. ठेव वर फळीवर. लागेल तेव्हा लागेल."

त्या अंगणात मला जे कळलं ते सांगतो. वाडीच्या वर एक माळ आहे, पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारायचा. त्यावर समुद्रापलीकडून कधीतरी आलेली ही रानमोडी माजली. माणसाच्या डोक्यावर जाणारी, काठीसारख्या फांद्यांची गर्दी. तिच्या सावलीत गवताचं पातं उगवत नाही, गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि उन्हाळ्यात वाळली की वणव्याला आयतं सरपण. नावातच सगळं आलं. वरच्या ठाकरवाडीतल्या जनीकडे सात गुरं होती. चारायलाच जागा राहिली नाही तेव्हा तिनं सहा नागोठण्याच्या बाजूला बहिणीकडे नेऊन सोडली. एक गाय उरली.

तेव्हा मामीनं आणि जनीनं बायका जमवल्या. माळावरची रानमोडी मुळासकट काढली. पावसाळ्यात उगवणारं रोप न् रोप वेचलं. वाडीच्या बैठकीत ठरलं : सलग चार पावसाळे माळ स्वच्छ दिसला, तरच गुरांना उघडायचा. तीन झाले होते. येत्या गोकुळाष्टमीला सगळ्यांनी वर जाऊन माळ पाहायचा, आणि एकही रोप दिसलं नाही, तर जनीची गुरं परत येणार.

माळाच्या कडेला करवंदीची दाट जाळी आहे, ती मुद्दाम राखलेली. जाळीपलीकडे एक पट्टी आहे, तिथे रानमोडी दर वर्षी फुलते, आणि वारा तिकडूनच येतो. त्या पट्टीतले सगळे तुरे म्हातारी उडायच्या आत कापायला हवेत. या वर्षी थंडी लवकर ओसरली होती, पुरुष खालच्या रासायनिक कंपनीच्या शिफ्टांत अडकलेले. म्हणून ठरलं की प्रत्येक घरानं एक पाहुणा कामाला आणायचा. पाहुण्याच्या कामाची जबाबदारी त्या घराची.

मामीच्या घरचा पाहुणा मी.

तोच दिवस, तिन्हीसांजेला

पाहुणे आले म्हणून पोपटी लागली. रायगड जिल्ह्याबाहेरच्या माणसाला पोपटी समजावून सांगणं कठीण आहे. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला. मग मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. आमच्याकडे हुरडा असतो, त्यात दाणा दिसतो तरी. इथे अर्धा तास नुसती आग बघायची आणि विश्वास ठेवायचा.

मडकं भरण्याआधी जनीनं मला बोलावलं. जनी पन्नाशीची, काडीसारखी, बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या डोंगराकडे बघणारी.

"दादा, डोलं मिटा." तिनं माझ्या दोन्ही तळव्यांवर एकेक पान ठेवलं. "चोला नि हुंगा. भांबुर्डी कंची?"

दोन्ही पानं लवदार. दोन्हींना उग्र वास. उजव्या हाताचा वास मला जास्त रानटी, जास्त अस्सल वाटला. "ही."

"झालं! बाई, तुमच्या पावन्यानी आज वाडीला रानमोडी चारली असती!"

मग तिनं दाखवलं. रानमोडीच्या पानावर देठापासून तीन शिरा निघतात, त्रिशुळासारख्या. भांबुर्डी जमिनीलगत राहते, पान लोकरीसारखं मऊ, वासात कापराची झाक. चार वर्षांपूर्वी पोपटीला पाला आणायला जनीला दोन डोंगर चालावे लागायचे. आता भांबुर्डी माळावर आपोआप परतली होती. "आमी नाय लावली. खाली निजली व्हती. वरचा वझा काढला, उठली."

मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला, चर्र झालं, मडकं उलटं केलं आणि त्यातून जी वाफ आली ती मी पुढचे काही दिवस शर्टाच्या बाहीत हुंगत होतो. शेंग सोलताना बोटं भाजतात, आणि थांबवत नाही. माझ्यासोबत आणलेली शेंगाचटणी मामीनं बटाट्याबरोबर वाढली. जनी एक चिमूट खाऊन म्हणाली, "तुमच्या गावाला पानी कमी हाय का हो? चटनी पन कोरडी."

माळ, शनिवार

पहाटे साडेपाचला मामीनं उठवलं. काम दव असेपर्यंतच. भिजलेला तुरा मिटलेला राहतो, उडत नाही. ऊन तापलं की उघडतो. म्हणून नऊच्या सुमारास कोयते खाली. हा नियम मला सांगितला होता का? हो. मी ऐकला होता का? मी तेव्हा मोजे शोधत होतो.

उजाडताना आम्ही जाळीपलीकडे पोचलो. अर्धवट प्रकाशात पांढुरकी पट्टी धुक्याचा एक तुकडा अडकून राहिल्यासारखी दिसत होती. बायका हातभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि एकदम, कोणीही 'चला' न म्हणता, काम सुरू झालं. डाव्या हातानं फांदी अलगद वाकवायची, तुरा ओल्या गोणीच्या तोंडात धरायचा, मग कोयता. फांदीला हिसका म्हणून नाही. बाळाचं टोपडं काढावं तसं. मागून दुसरी रांग कुदळीनं खोड मुळासकट काढत, मुळं वर करून कातळावर मांडत जाई. नुसता सपासप आवाज आणि गोण्यांवरून ठिबकणारं दव. मी आयुष्यभर ऑफिसात सभा पाहिल्या आहेत. वीस माणसं इतकी एकमतानं काही करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

माझ्या एका झाडाला जनीची आठ झाडं होत होती. तरी मला कोणी टोकलं नाही. एकदा फक्त मागून आवाज आला, "पावनं झाडाला इचारून इचारून कापतात."

नऊला काम थांबलं. जाळीतल्या चिंचोळ्या वाटेनं जनी मला माळ दाखवायला घेऊन गेली. वाटेच्या तोंडाशी तिनं स्वतःचा पदर झटकला, पाय झटकले, माझीही पाठ झटकली, आणि मग आत सोडलं.

मी काय अपेक्षा केली होती कोण जाणे. मोकळी जमीन, फार तर. समोर सोन्याच्या रंगाचं गुडघाभर गवत डोंगराच्या उतारावर पसरलं होतं, वाऱ्याबरोबर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुकत आणि उठत. मधूनच धायटीची लालभडक झुडपं. खाली कुंडलिका नदी वळण घेत चाललेली, पलीकडे कंपनीच्या चिमण्या. पण आधी कानांना फरक कळला. पट्टीत आम्ही दोन-अडीच तास होतो, तिथे एक किडा वाजला नव्हता. इथे गवत नुसतं किरकिरत होतं. मी दोन पावलं टाकली आणि पायाजवळून सातआठ लावे भर्रर्र करून उठले. मी चांगलाच दचकलो. जनी दचकली नाही. ते कुठे उतरतात ते डोळ्यांवर हात धरून तिनं शेवटपर्यंत पाहिलं.

"पैल्या वर्षी एक जोडी आली," ती म्हणाली. "मी बाईंना सांगाया पलत गेले."

मग ती खाली बसली आणि गवत बोटांनी बाजूला करत मला एकेक दाखवू लागली. हे पवन्या. हे गुरांना आवडतं ते. ही रानहळद, आता झोपलेली. पावसाळ्यात दोन पानांची रानमोडी ती उभ्यानं ओळखते, चालता चालता. मी विचारलं, कशी? तिला प्रश्नच कळला नाही. "तुमी तुमच्या पोरीला गर्दीत कशी वलखता?"

माझ्याच वयाची बाई. तिनं एक अख्खा डोंगर पाठ केला होता.

शनिवार, दुपार

आता जे सांगायचं आहे ते सांगायला नको वाटतं.

जेवण झालं होतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. मामी लवंडली होती, बायका घरोघर गेल्या होत्या. आणि मला हुरूप आला. सकाळच्या माळानं डोकं भारून गेलं होतं, आणि एकास आठ हा प्रकार मनाला लागला होता. म्हटलं, चार झाडं एकट्यानं काढून ठेवावीत, संध्याकाळी सगळ्या चकित होतील.

चकित झाल्याच.

भर एक वाजता मी पट्टीत गेलो. सर्वात मोठं झुडूप निवडलं, दोन्ही हातांनी बुंधा धरला, पाय रोवले आणि हिसडा मारला. झुडूप मुळासकट आलं. मी पाठीवर पडलो, ते माझ्यावर पडलं. पण आलं! मुळासकट! असा पराक्रम केल्यावर माणसाला साक्षीदार लागतो. मी ते झुडूप खांद्यावर घेतलं, जाळीतून माळावर आलो, आणि उंचावर जिथून कुंडलिका दिसते तिथपर्यंत चालत गेलो. तिथे उभं राहून झुडपासकट स्वतःचे फोटो काढले. एकात डोळे मिटले होते म्हणून आणखी सहा काढले.

"थांब!"

खालून आवाज आला. जाळीच्या तोंडाशी मामी काठी टेकत उभी होती, पाठीमागे जनी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांना पट्टे, ती चढण चढून आली होती.

"आहेस तिथे थांब! हलू नकोस!"

तेव्हा मी स्वतःकडे पाहिलं. पहाटेपासून न काढलेला स्वेटर, केस, भुवया, सगळीकडे म्हाताऱ्या. मी पांढरा झालो होतो. आणि खांद्यावरच्या झुडपावर एकही तुरा शिल्लक नव्हता. नुसत्या काड्या.

बायका धावत आल्या. एकीनं माझ्यावर ओलं धोतर टाकलं, मला त्यात गुंडाळलं आणि गोणीसारखं उचलून खाली नेलं म्हटलं तरी चालेल. अंगणात बसवून चौघींनी माझ्या अंगावरची एकेक बी वेचली. कोणी चेष्टा केली नाही. तीच गोष्ट वाईट होती. कालपासून त्या माझ्यावर इतक्या हसल्या होत्या, आणि आता हसण्यासारखा मी खरोखर दिसत असताना कोणी हसत नव्हतं.

जनी अंगणात नव्हती. ती वर माळावर, मी चाललो त्या वाटेवर, गवतात वाकून बसली होती. अंधारू लागेपर्यंत.

"मिळाल्या?" ती खाली आली तेव्हा मामीनं विचारलं.

"थोड्या. गवतात काय दिसतात?"

मी म्हणालो, "जनीबाई, चुकलं माझं."

ती माझ्या मागच्या डोंगराकडे बघत म्हणाली, "पावसात दिसंल."

रविवार

दुसऱ्या दिवशी पहाटे मला गोणी धरायचं काम मिळालं. दोन्ही हातांनी तोंड धरून उभं राहायचं, बाकी काही नाही. मी ते इतकं मन लावून केलं, की बोटं आखडली. आठ वाजता पट्टीतला शेवटचा तुरा कापला गेला. जनीनंच कापला. तो गोणीत पडल्यावर तिनं आत डोकावून पाहिलं, आणि गोणीचं तोंड माझ्या हातून घेऊन स्वतः बांधलं.

मी निघायच्या तयारीत होतो. दहा वाजले असतील. ऊन चढलं आणि खिंडीकडून वारा सुटला. मामीनं अंगणातून हाक मारली, "अरुण्या, ये इकडे. बघ."

ओढ्यापलीकडे आणखी एक डोंगर आहे. तो नक्की कोणाचा, यावर फार वर्षं वाद आहे, त्यामुळे त्याला कोणीच हात लावत नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत रानमोडी. वाऱ्याची पहिली झुळूक त्याच्या पायथ्याला लागली आणि तिथून एक पांढरा पापुद्रा सुटला. मग त्याच्यावरचा. मग सबंध उतार. बघता बघता अख्खा डोंगर सैल झाला आणि हवेत उठला. आवाज काही नाही. उन्हात कोट्यवधी तंतू चमकत, वळत, एकमेकांत शिरत वर चढत होते; जणू डोंगराचा आत्माच निघाला होता. मी इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही, आणि इतकं भयंकरही. हात आपोआप जोडले गेले. कोणाला, ते मला सांगता येणार नाही.

ढग ओढ्यावरून आमच्याकडे सरकला. बायका अंगणात येऊन उभ्या राहिल्या. कोणी काही करू शकत नव्हतं. तो वर चढला, जाळीपाशी आला, आणि करवंदीच्या काट्यांत अडकत गेला. जाळी पांढरी होत गेली. इतकी, की हिरवं काही उरलं नाही, शाल पांघरल्यासारखी. आणि पलीकडे, माळावर, गवत तसंच सोनेरी हलत राहिलं.

"धरलन्!" जनी म्हणाली. दोन्ही हात कपाळाला लावून ती मटकन खाली बसली. "बाई, धरलन् जालीनी सगलं!"

मामीचे डोळे भरले होते. चष्मा पुसत ती म्हणाली, "बाहेरचं धरलं हो. आतलं राहिलंय." आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली.

त्यानंतर

सोलापूरला आल्यावर मी शैलाला सगळं सांगितलं. म्हणजे पोपटी, लावे, उडालेला डोंगर. शनिवार दुपार वगळून. फोटो पुसून टाकले.

आषाढात पाऊस लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या तसा मी रोज रोह्याचं हवामान बघू लागलो. शैला विचारायची, तिकडे काय पेरून आलात की काय? मी विषय बदलायचो.

श्रावणाच्या आधी आठ दिवस प्रकाशच्या घरून फोन आला. मामी पेणला डॉक्टरकडे आली होती, जनी सोबतीला. शैलानं फोन उचलला, स्पीकरवर ठेवला आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

"दादा हायती का? त्यांना सांगा," जनीचा आवाज आला, "त्यांची पावला उगवली!"

"काय उगवलं?"

"पावला वो! जालीच्या तोंडापासून वरपर्यंत रांग धरून रोपा आलीत. जसं चालले तशी. मधी दगडाला वलसा घातला तिथं वलसा. आनि वर, फोटू काढला तिथं, हा एवढा घोलका!"

शैलानं माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे पाहिलं.

मग मामी बोलली. तिचा आवाज थकलेला होता. नियम असा, की ज्या घरचा पाहुणा त्या घरानं निस्तरायचं. गोकुळाष्टमीला बैठक माळावर जाणार. तोवर सगळी रोपं निघाली तर कोणी काही म्हणणार नाही. एक जरी दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून चार पावसाळे, आणि जनीची गुरं बहिणीकडेच. प्रकाशला शाळा आहे. मामी स्वतः दोनदा वर जाऊन आली, म्हणून गुडघे सुजले, म्हणून डॉक्टर. जनी मदत करायला तयार आहे, पण मामी तिला हात लावू देत नाही. "चूक आमच्या घरची," ती म्हणाली, "तिनं का वाकायचं?"

मी फोन बंद केला. मग मी शनिवार दुपारची हकीकत सांगितली. सगळी. त्या आणखी सहा फोटोंसकट.

शैलानं निवडलेली भाजी बाजूला सारली, हात धुतले, कॅलेंडर काढलं आणि गोकुळाष्टमीवर ठेवलेलं बोट आठवडाभर मागे आणलं.

"दोन तिकिटं काढा," ती म्हणाली. "उपटते मी. तुम्ही जाळीबाहेर उभं राहायचं, आणि कुठून कुठून चाललात तेवढं बोटानं दाखवायचं."